चार लाल बटणं

लॉन्ड्रीत तिला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि हे नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. ते कसं पडलं ते पुढे येईलच. आधी एवढं सांगायला हवं की वयाच्या चाळिशीपर्यंत तिनं विजेच्या तारेला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत चांगली लांबलचक पत्र्याची शेड होती. तीन हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि डॉक्टरांचे हिरवे अंगरखे रोज सकाळी गाठोड्यांनी यायचे आणि संध्याकाळी घड्या होऊन परत जायचे. ठिणगी तिथे घडीच्या टेबलावर लागली आणि पुढची अकरा वर्षं तिनं दोनच कामं केली: चादरींच्या घड्या घातल्या आणि वायरमनची शिडी धरली.

वायरमन म्हातारा आणि तिरसट होता. पुरुषांना शिडी धरायला दिली की ते इकडेतिकडे बघतात, असं त्याचं ठाम मत होतं, म्हणून तो आला की घडीच्या टेबलावरून हिला हाक मारायचा. वर चढून तो छताशी बोलावं तसं बोलत राही आणि ही खालून ऐकत राही. हळूहळू ती विचारू लागली. "ही लाल तार कुठे जाते?" "जिथं जायची तिथं जाते." पण पाच मिनिटांनी तो सांगायचाच. त्याचा एक नियम तिला तोंडपाठ झाला: आधी मेन स्विच बंद, मग फ्यूज काढून आपल्या खिशात, आणि मगच हात तारेला. फ्यूज आपल्या खिशात असला की दुसरा कुणी उंटावरचा शहाणा मेन चालू करून आपल्याला मारू शकत नाही.

घडीच्या टेबलावर आठ दिवे लोंबकळत. कधीतरी जुन्या मालकानं मोडीत निघालेल्या एका जहाजातले छोट्या व्होल्टचे बल्ब खोकीच्या खोकी स्वस्तात उचलले होते. एकेक बल्ब तीस व्होल्टचा, आणि भिंतीत वीज दोनशे चाळीसची. म्हणून आठ बल्ब एकामागून एक असे एकाच माळेत ओवले होते. वायरमन त्याला सिरीज म्हणायचा. दोनशे चाळीस आठांत वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला तीस, म्हणजे हिशेब बरोबर होता. गोची एवढीच, की वीज एका बल्बमधून निघून पुढच्यात शिरायची. मधला एक बल्ब उडाला की वाट तुटायची आणि आठही दिवे एकदम विझायचे. कोणता गेला ते बघून कळत नसे. मग टेबलाच्या या टोकापासून एकेक बल्ब काढायचा, त्या जागी चांगला लावून बघायचा, नाही लागलं की पुढचा. जिच्या डोक्यावरचा बल्ब मेलेला निघे तिला दिवसभर टोमणे. टेबलाच्या शेवटच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या आक्कांनी तर शोध जवळ आला की आपल्या डोक्यावरचा बल्ब गुपचूप शेजारणीच्या तपासून झालेल्या बल्बशी बदलायची कला साधली होती.

अकराव्या वर्षी वायरमनचे गुडघे गेले. त्यानं शिडी चढणं सोडलं आणि जाताना मॅनेजरला सांगितलं, "ती बाई करेल. तिला येतं. तिला माहीत नाही तिला येतं ते." मॅनेजर हसला. पण दुसरा वायरमन बोलावला की तो दोन दिवसांनी उगवायचा, आणि अंधारात चादरीवरचे डाग दिसत नाहीत. शेवटी मॅनेजर म्हणाला, "बघा काय जमतंय ते."

ठिणगीनं पहिल्याच दिवशी माळ मोडायचं ठरवलं. वायरमनच्या तोंडून तिनं पॅरलल हा शब्द ऐकला होता: प्रत्येक बल्बला आपापल्या दोन तारा, सरळ मुख्य लाइनीवर, कुणी कुणाच्या वाटेत नाही. तिनं सकाळभर खपून तशी जोडणी केली, तेच जुने बल्ब लावले, फ्यूज बसवला आणि सगळ्या बायकांसमोर ऐटीत स्विच दाबला. आठही बल्ब एका क्षणात लखलखले आणि फाट फाट करत फुटले. काचांचा चुरा स्वच्छ अभ्र्यांवर पडला. आता वाटणी राहिली नव्हती, प्रत्येक तीस व्होल्टवाल्याला अख्खे दोनशे चाळीस मिळाले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ठिणगी हे नाव त्या दिवशी आक्कांनी ठेवलं, आणि ते चादरीवरच्या आयोडीनसारखं कायमचं बसलं.

पण बाई चिवट होती. दुसऱ्या दिवशी तिनं घरात लावतात तसे साधे बल्ब आणवले आणि पुन्हा स्विच दाबला. टेबल असं उजळलं की आक्का म्हणाल्या, "अगबाई, माझे हात इतके म्हातारे झालेत हे आजच कळलं." तीन आठवड्यांनी त्यातला एक बल्ब उडाला. सात चालू राहिले. कुणाचं काम थांबलं नाही, कुणी मान वर केली नाही, आणि ठिणगीला तोवरच्या आयुष्यात इतका आनंद दुसऱ्या कशानं झाला नव्हता. लग्नानंसुद्धा नाही, असं ती नवऱ्यासमोरच सांगायची.

तिथून तिचं विमान वर गेलं. कपडे पिळायच्या यंत्राचा प्लग, पंप, पंखे, सगळीकडे ठिणगी. नवीन बाईला ती स्वतः समजावायची, "आपण धुलाईपासून इस्त्रीच्या रुळापर्यंत ओल्या चादरी हातोहात देतो ना, ती सिरीज. मधली एक पाणी प्यायला गेली की सगळ्या थांबल्या. आणि प्रत्येकीनं आपापली चादर स्वतः आणली, की ती पॅरलल. एक गेली तरी बाकीच्यांचं चालू." आणि वर ठसक्यात जोडायची, "सिरीज म्हणजे कटकट. जिथं दिसेल तिथं मोडायची."

आता तिच्या धाकट्या जावेबद्दल सांगायला हवं. धाकटी त्याच लॉन्ड्रीत रुळाच्या मशीनवर चादरी आत घालायच्या कामाला होती, आणि तिला तिथे चिकटवलं होतं ठिणगीनंच. घरी दोघींचं स्वयंपाकघर एक, ओटा एक, आणि एका म्यानात दोन तलवारी म्हटल्यावर व्हायचं ते होत होतं. धाकटी सावकाश बोले, सावकाश चाले, आणि प्रश्न विचारी. बटाटे आधी चिरायचे की आधी धुवायचे इथपासून. नावडतीचं मीठ अळणी, तसं ठिणगीला तिचं काहीच पटत नसे. "हिच्या डोक्यात बल्ब आहे, पण स्विच सापडत नाही," असं ती सगळ्यांदेखत म्हणायची, आणि धाकटी खाली मान घालून हसायची.

रुळाचं मशीन हा लॉन्ड्रीचा कणा होता. खोलीएवढं लांब, आत वाफेनं तापलेले जाडजूड रूळ. एका बाजूनं ओली चादर घातली की दुसऱ्या बाजूनं कडक इस्त्री होऊन बाहेर. चादर ओढणारा रूळ बोटही तितक्याच प्रेमानं ओढेल, म्हणून मशीनच्या चार कोपऱ्यांवर चार लाल बटणं होती. कुठलंही एक दाबलं की मशीन थांबलं पाहिजे. रोजचं चालू-बंद मॅनेजरच्या केबिनजवळच्या दांड्यानं व्हायचं. लाल बटणाला उगाच हात लावायची बंदी होती, कारण रूळ थांबला की आतली चादर तिथल्या तिथे करपायची.

त्या वर्षी मशीनला खोड लागली. ते आपोआप थांबू लागलं. कुणी काही दाबलेलं नसताना रूळ थांबे, चादरीवर तपकिरी पट्टा उठे आणि मॅनेजर केबिनमधून धावत येई. दिवसातून सहा वेळा, आठ वेळा. ठिणगीनं फ्यूज खिशात टाकला, विजेचं कपाट उघडलं आणि तिला जुनी ओळख पटली. मशीन चालू ठेवणारी वीज पहिल्या लाल बटणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात अशी जात होती. माळ. सिरीज. चारातल्या एका बटणाच्या आत कुठंतरी जोड सैल होता, आणि तो हलला की वाट तुटत होती.

तिला वाटलं, हे तर आपलंच दुखणं. तिनं माळ मोडली आणि चारही बटणं पॅरलल जोडली. एकातली वाट तुटली तरी वीज बाकीच्या तिघांतून जाणार. फ्यूज बसवला, दांडा ओढला. मशीन दिवसभर एकदाही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. करपलेली चादर औषधालासुद्धा उरली नाही. मॅनेजरनं सगळ्यांसमोर सांगितलं की वायरमनच्या जागेवर तिला कायम करायचं पत्र तयार होतंय, आणि इतर बायका कानामागून आली आणि तिखट झाली असं कुजबुजत का होईना, तिच्यासाठी चहा आणू लागल्या.

नऊ दिवस हा थाट चालला. दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ठिणगी टेबलावर चार चमचे मांडून आपला पराक्रम पुन्हा एकदा समजावत होती. आधी चमचे एकापुढे एक, टोकाला टोक. "हे आधी होतं." मग चारही शेजारी शेजारी. "हे मी केलं. आता यातला कुठलाही एक उचला, वीज दुसऱ्यातून जाते."

धाकटी घास हातात धरून चमच्यांकडे बघत होती. "जाऊबाई, म्हणजे मी माझं लाल बटण दाबलं, तरी पलीकडच्या बटणातून वीज जातेच का?"

"जाते ना. तेच तर सांगतेय मघापासून."

"मग मशीन थांबतं कसं?"

कुणी हसलं नाही, कारण ठिणगीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती उठली. जेवण तसंच टाकून मशीनपाशी गेली, दांडा ओढला आणि रिकामे रूळ फिरू लागल्यावर जवळचं लाल बटण दाबलं. रूळ फिरत राहिले. तिनं ते दाबूनच धरलं आणि धाकटीला पलीकडचं दाबायला सांगितलं. रूळ फिरतच होते. आक्का आल्या, त्यांनी तिसरं दाबलं. काही फरक नाही. चौथीनं चौथं दाबलं, तेव्हा कुठे रूळ थांबले.

चार बायकांनी चार कोपऱ्यांतून एकदम दाबलं तरच थांबणारं मशीन. नऊ दिवस सहा जणींचे हात त्या रुळांच्या तोंडाशी होते आणि एकीलाही माहीत नव्हतं की आपल्या हाताशी आहे ते नुसतं लाल रंगाचं झाकण आहे. मशीन चालतं का हे ठिणगीनं दहादा बघितलं होतं. थांबतं का हे एकदाही बघितलं नव्हतं. दिव्यांची वाट तुटू नये अशी आपली इच्छा असते. पण या बटणांची वाट एका बोटानं तुटावी म्हणूनच ती माळेत ओवलेली होती, आणि तिनं खोडी करणाऱ्या बटणाला शोधायचं सोडून चांगली माळच मोडली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हेही तिला आठवलं, पण ते स्वतःला ऐकवायला सवड नव्हती.

तिनं मेन बंद केला, फ्यूज काढला आणि एप्रनच्या खिशात टाकला. मॅनेजर आला तोच घड्याळाकडे बघत. "काय झालं? सुट्टी संपली. चारला गाडी येईल."

"मशीन बंद आहे. माझी चूक झालीय. लाल बटणं काम करत नाहीत, मी जोडली तेव्हापासून."

तिनं हे सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं.

मॅनेजरनं आवाज खाली आणला. "हे बघा, आज गाडी जाऊ दे. उद्या सुट्टीच आहे, तेव्हा करा. नऊ दिवस काही झालं नाही, तीन तासांत काय होणार आहे?"

"नऊ दिवस नशिबानं काढले."

"तुमचं पत्र माझ्या टेबलावर सहीला पडलंय. विचार करून बोला."

"ते पडू दे. फ्यूज माझ्या खिशात आहे, आणि तो मी देणार नाही."

मॅनेजरनं बायकांकडे बघितलं. सहाही जणी मशीनपासून चार पावलं मागे सरल्या होत्या आणि आक्कांनी तर खुर्ची ओढून बैठक मारली होती. तो केबिनमध्ये गेला आणि ते पत्र ड्रॉवरमध्ये सारल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग ठिणगीनं पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. टॉर्चचा बल्ब आणि सेल दोन तारांना जोडले आणि एकेका बटणात वाट आहे का बघू लागली. जुन्या माळेत मेलेला बल्ब शोधायची तीच रीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्या बटणात बल्ब लागला आणि बटण हलवलं तरी लागून राहिला. दुसऱ्यातही तसंच. तिसऱ्याला धाकटीनं बोटानं टिचकी मारली आणि बल्ब लुकलुकला. झाकण उघडलं तर आत चादरींचा कापूस वाफेनं भिजून चिकटलेला आणि पितळेची पट्टी काळी पडून वाकलेली. ते बटण तिनं फेकून दिलं, नवीन बसवलं आणि चारही पुन्हा माळेत ओवली. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात.

सव्वादोनला तिनं खिशातला फ्यूज काढून बसवला. एक फाटकी चादर रुळांत घातली आणि म्हणाली, "आता मी हात लावणार नाही. तुम्ही दाबा." धाकटीनं एका बोटानं दाबलं. रूळ जागच्या जागी थांबले. पुन्हा चालू केलं, आक्कांनी दाबलं, थांबले. तिसरं. चौथं. चार बायका, चार बटणं, चार वेळा मशीन थांबलं आणि फाटक्या चादरीवर चार तपकिरी पट्टे उठले. ठिणगीनं ती चादर दोन्ही हातांनी उंच धरली. आठ दिवे एकदम लागले होते त्या दिवशीपेक्षाही आज तिची छाती जास्त फुगली होती, आणि तिनं ते लपवलं नाही. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा गेली. हॉस्पिटलवाल्यांना कळलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून लॉन्ड्रीत नवा रिवाज पडला. सकाळी काम सुरू करायच्या आधी फाटकी चादर घालायची आणि प्रत्येकीनं आपलं बटण दाबून मशीन थांबवून बघायचं. मॅनेजर कुरकुरला, पण बायका ऐकेनात. तीन आठवड्यांनी ते पत्र काही न बोलता ठिणगीच्या हातात पडलं. घरी तिनं ते धाकटीला वाचायला दिलं आणि म्हणाली, "तुझ्या डोक्यात स्विच आहे गं. माझ्याच डोळ्यांवर झापडं होती." धाकटीनं विचारलं, पत्र कुठे ठेवू, भिंतीला लावू की कपाटात? ठिणगीनं पहिल्यांदाच तिच्या प्रश्नाचं नीट उत्तर दिलं.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, भर दुपारी, ठिणगी मागच्या खोलीत पंपाचं झाकण उघडून बसली होती. भिंतीपलीकडे रुळांची घरघर चालू होती आणि एकाएकी ती बंद पडली. दांड्याचा खटका ऐकू आला नव्हता. हातातला स्क्रू-ड्रायव्हर टाकून ती धावली.

डॉक्टरांच्या हिरव्या अंगरख्याची नाडी धाकटीच्या मनगटाभोवती गुंडाळली गेली होती. अंगरखा रुळात शिरला तसा त्यानं तिचा हात ओढत नेला होता. तिचं स्वतःचं बटण हातभर दूर होतं, तिला ते गाठता आलं नव्हतं. ती ओरडली तेव्हा मशीनच्या पार दुसऱ्या टोकाला, बाहेर आलेले कपडे गोळा करत उभ्या असलेल्या आक्कांनी समोरचं बटण दाबलं होतं. धाकटीची बोटं रुळापासून चार अंगुळांवर थांबली होती. कुणीतरी कात्रीनं नाडी कापली.

ठिणगी पोहोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे करायचं ते चार बटणांच्या माळेनं तिच्यावाचून केलं होतं. ती धाकटीसमोर खालीच बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन एकेक बोट धरून मोजू लागली. पाच होती. मग तिनं दुसरा हात ओढून घेतला.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "हा हात मशीनच्या जवळही नव्हता."

"गप्प बस," ठिणगी रडत म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.